मारले की मरायला लावले? राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
माननीय संचालक,
राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र,
गणेशखिंड, पुणे.



चेन्नईत नुंगंबाक्कमला लोयोला महाविद्यालयाच्या आवारात एक कीटकशास्त्र संशोधन संस्था आहे. प्रा. टी. एन. अनंतकृष्णन यांनी ती उभी केली. फुलकिड्यांचा अभ्यास करण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. पुढे फादर इग्नासिमुथू यांच्या काळात तिथले संशोधक मातीतल्या जिवाणूंकडेही वळले. निलगिरीच्या जंगलातली माती आणायची, तिच्यातले जिवाणू वेगळे करायचे, वाढवायचे, त्यांचा अर्क काढायचा आणि तो रोगजंतूंवर व कर्करोगाच्या पेशींवर काय करतो ते पाहायचे, असे ते काम. 2012 साली त्यांचा मेथिलोबॅक्टेरियमच्या एका वाणावरचा निबंध प्रसिद्ध झाला. ईआरआय-135 हा त्या वाणाचा क्रमांक. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ए549 पेशींना त्याचा अर्क मारक ठरतो, असे त्यात मांडले होते.

भारतात अशा विषयावर लिहिला गेलेला कोणताही निबंध उघडा. 'साहित्य आणि पद्धती' या भागात एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटते: पेशी एनसीसीएस, पुणे येथून मिळवल्या. माती निलगिरीची असो, सह्याद्रीची असो की कच्छच्या खाऱ्या रणातली, जिच्यावर प्रयोग होतो ती पेशी बहुधा आपल्या संस्थेतून कुपीत बसून आलेली असते. म्हणून हे पत्र आपल्याला.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा या शहराचे नाव मद्रास होते. इथेच जीवरसायनशास्त्र शिकवले आणि इथेच निवृत्त झाले. आमच्या भागात ओळखीच्या घरांतून कोणी ना कोणी अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या फेऱ्या मारत असतो. 'जिवाणूंपासून कर्करोगावर औषध' अशी बातमी छापून आली की लोक कात्रण घेऊन घरी येतात. मॅडम, हे कधी मिळेल? आईला देता येईल का? देशात वर्षाला 14 लाखांहून अधिक नव्या रुग्णांना कर्करोगाचे निदान होते, तेव्हा हा प्रश्न विचारणारी घरे किती असतील याचा अंदाज आपल्याला माझ्यापेक्षा चांगला असेल. मला त्यांना खोटी आशा द्यायची नाही. पण त्या कात्रणातले संशोधन वाया जावे असेही मला वाटत नाही. आणि ते वाया जाते आहे. त्यावरचा उपाय मोठ्या अंशी आपल्या हातात आहे असे माझे मत आहे.

आधी थोडे विज्ञान मांडते. आपल्याला ते ठाऊक आहे, पण पत्र खुले आहे आणि वाचणारे सगळेच पेशींचे जाणकार नाहीत.

निरोगी पेशीला मरणाची आज्ञा पाळता येते. 1972 साली केर, वायली आणि करी या तिघांनी या मरणाचे बारकाईने वर्णन केले आणि त्याला अपॉप्टोसिस हे नाव दिले. पेशी आक्रसते, केंद्रकातला डीएनए ठरावीक अंतरांवर कापला जातो, पेशीपटलाला फुगवटे येतात, पेशीच्या लहान लहान बंद पुड्या होतात आणि आजूबाजूच्या भक्षक पेशी त्या गिळून टाकतात. आतला ऐवज बाहेर सांडत नाही, त्यामुळे सूज नाही, जखम नाही. गर्भाच्या बोटांमधली त्वचा अशीच नाहीशी होते. कर्करोगाची पेशी नेमकी ही आज्ञा धुडकावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पी53 हे जनुक बिघडलेले सापडते. काही रक्ताच्या कर्करोगांत बीसीएल-2 हे मरण अडवणारे प्रथिन वारेमाप तयार होते. त्या बीसीएल-2ला आवरणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध 2016 पासून रुग्णांना दिले जाते. कर्करोगाच्या पेशीला पुन्हा मरणाची आज्ञा ऐकायला लावता येते, याचा तो जिताजागता पुरावा.

आता या सगळ्यात जिवाणूंच्या अर्कात उतरणाऱ्या लिपिडांचे काय काम? तेल, तूप, मेण ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले हे रेणू. पण त्यांचे आणि पेशीच्या मरणाचे नाते फार जुने आहे. आपल्या पेशीतल्या तंतुकणिका कोणे एके काळी स्वतंत्र जिवाणू होत्या, अशी मांडणी लिन मार्ग्युलिस यांनी 1967 साली केली आणि आज ती सर्वमान्य आहे. त्या जिवाणूने येताना स्वतःचे एक लिपिड सोबत आणले. त्याचे नाव कार्डिओलिपिन. मेदाम्लांच्या चार शेपट्या असलेला हा रेणू जिवाणूंच्या पटलात असतो आणि आपल्या तंतुकणिकेच्या आतल्या पटलात असतो. पेशीच्या इतर पटलांत तो जवळजवळ नसतोच. 1942 साली मेरी पँगबॉर्न यांनी गुरांच्या हृदयातून तो वेगळा केला, म्हणून हृदयावरून त्याला हे नाव पडले. उपदंशासाठी रक्ताची जी व्हीडीआरएल तपासणी करतात ती याच कार्डिओलिपिनवर चालते.

सायटोक्रोम सी हे प्रथिन तंतुकणिकेत या कार्डिओलिपिनला बिलगून बसलेले असते. पेशीवर असह्य ताण आला की कार्डिओलिपिनचे ऑक्सिडीकरण होते आणि ही पकड सुटते. बाहेरच्या पटलाला बॅक्स आणि बॅक ही प्रथिने छिद्रे पाडतात. सायटोक्रोम सी पेशीद्रवात उतरते, तिथे एपॅफ-1शी जुळते, त्यातून कॅस्पेज-9 हे प्रथिने कापणारे विकर जागे होते, ते कॅस्पेज-3ला जागे करते आणि मग पेशीची पद्धतशीर आवराआवर सुरू होते. वर्गात हा भाग शिकवताना माझा आवाज दर वर्षी थोडा चढायचा. आपल्या बहुतेक पेशींच्या अंताची कळ जिवाणूकडून वारशाने आलेल्या एका लिपिडाशी बांधलेली आहे, ही गोष्ट एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना सांगताना कोणता शिक्षक शांत राहील?

बाहेरून आलेल्या जिवाणूंच्या लिपिडांचा इतिहासही असाच थक्क करणारा आहे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी 1891 साली हाडामांसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना धावऱ्याचे जिवाणू टोचायला सुरुवात केली. धावरे झाल्यावर काही गाठी विरघळतात असे त्यांच्या लक्षात आले होते. पुढे त्यांनी मारलेल्या जिवाणूंचे मिश्रण वापरले. कोणाला गुण आला, कोणी तापाने गेले, आणि हे होते कशामुळे ते कोलींच्या हयातीत उमगले नाही. 1975 साली न्यूयॉर्कमध्येच लॉइड ओल्ड यांच्या गटाने उंदरांना आधी बीसीजी टोचली, नंतर जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातले अंतर्विष दिले. अंतर्विषाचा मारक भाग म्हणजे लिपिड ए हे लिपिड. त्या उंदरांच्या रक्तद्रवाने गाठी सुकत. त्यात सापडलेल्या प्रथिनाला टीएनएफ म्हणतात. हे टीएनएफ पेशीच्या पृष्ठभागावरच्या मृत्युग्राहकाला चिकटते आणि आतून कॅस्पेज-8च्या वाटेने मरणाची आज्ञा जाते. प्रत्यक्ष रुग्णांना टीएनएफ शिरेतून दिले तेव्हा मात्र रक्तदाब कोसळला. त्यामुळे आज ते फक्त हातापायाचा रक्तप्रवाह वेगळा काढून, तेवढ्या भागापुरते वापरतात.

बीसीजीची गोष्ट आमच्या जवळची. नुंगंबाक्कमच्या दक्षिणेला, त्याच लोकल मार्गावर गिंडी आहे. तिथली बीसीजी लस प्रयोगशाळा 1948 सालची. क्षयाच्या लशीतला हा जिवाणू मायकोलिक आम्लांनी लडबडलेला असतो. साठ ते नव्वद कार्बनांच्या या मेदाम्लांमुळेच त्याच्या भोवती मेणचट कवच असते. 1976 साली कॅनडात आल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगासाठी बीसीजी थेट मूत्राशयात सोडली, आणि आज ती त्या आजाराचा मान्य उपचार आहे. पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूटही यासाठीची बीसीजी बनवते. ती कसे काम करते याचे पुरते कोडे अजून सुटलेले नाही, पण एक धागा 2004 साली हाती आला. ज्या रुग्णांना गुण आला त्यांच्या लघवीत ट्रेल नावाचे प्रथिन जास्त सापडले. रोगप्रतिकारक पेशी ते सोडतात आणि ते थेट मृत्युग्राहकावर बसते. म्हणजे जिवाणूचे मेणचट कवच आपल्या रक्षक पेशींना चेतवते आणि त्या कर्करोगाच्या पेशीला आज्ञा देतात.

2014 साली चीनमधल्या फेंग शाओ यांच्या गटाने याहून थेट नाते दाखवले. पेशीच्या आत शिरलेल्या लिपिड एला माणसाचे कॅस्पेज-4 स्वतःच पकडते. मधे कोणी निरोप्या लागत नाही. त्यातून होणारे मरण वेगळ्या जातीचे असते. पेशी फुगते, फुटते आणि सूज आणते. हेही नियोजित मरणच, पण शांत नव्हे.

इतके सांगितले ते मुद्दाम. मातीतल्या जिवाणूंच्या लिपिडांत कर्करोगावर काही शोधणे हा भाबडेपणा नाही. निलगिरीची माती घेऊन बसलेला नुंगंबाक्कमचा किंवा नांदेडचा विद्यार्थी चुकीच्या जागी खणत नाही. त्याची अडचण पुढच्या पायरीवर आहे, आणि माझा सगळा आग्रह त्याच पायरीबद्दल आहे.

जिवाणूंची बरीच लिपिडे साबणासारखी वागतात. बॅसिलस सबटिलिसचे सरफॅक्टिन घ्या. 1968 साली जपानमध्ये सापडलेला हा रेणू म्हणजे सात अमिनो आम्लांचे कडे आणि त्याला जोडलेली मेदाम्लाची शेपटी. स्यूडोमोनासची रॅम्नोलिपिडे घ्या, त्यांचे डोके साखरेचे आणि शेपटी मेदाची. खरकट्या पातेल्यातला तेलाचा थर साबण जसा उचलतो, तसे हे रेणू पेशीपटलाचे लिपिड उचलू शकतात. पटल फाटले की पेशी मरते. कर्करोगाची पेशी मरते, शेजारची निरोगी पेशीही मरते. हे मारणे झाले, मरायला लावणे नव्हे.

सरफॅक्टिनने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत तंतुकणिकेच्या वाटेने नियोजित मरण येते असे निबंध आहेत, आणि ते मी मन लावून वाचले आहेत. पण तेच सरफॅक्टिन तांबड्या रक्तपेशी फोडते, हेही फार पूर्वीपासून माहीत आहे. रॅम्नोलिपिडांबाबत तर 2014 साली चीनमधल्या एका गटाने स्वच्छ शब्दांत लिहिले: कर्करोगाच्या आणि निरोगी पेशी त्यांना सारख्याच बळी पडतात, आणि हा परिणाम त्या द्रवाचा पृष्ठताण किती उतरला याच्याशी जुळतो. असा निबंध लिहायला धैर्य लागते. आपल्याकडे तो प्रयोग कोणी केला असता तर बहुधा प्रबंधाचे एक प्रकरण गाळून टाकले असते.

नियोजित मरण सिद्ध झाले तरी तेवढ्याने भागत नाही. मायकोबॅक्टेरियम अल्सरन्स हा जिवाणू आफ्रिकेत बुरुली व्रण घडवतो. त्याचे मायकोलॅक्टोन हे लिपिडासारखे विष 1999 साली वेगळे केले गेले. ते पेशीला रीतसर, नियोजित मरणच देते. पण ते मरण येते चांगल्या त्वचेला आणि तिच्याखालच्या चरबीला. रुग्णाला वेदना नसतात आणि हातापायाला मोठाले खड्डे पडतात. मुलांना मी नेहमी हेच उदाहरण द्यायचे. मरण कोणत्या जातीचे, हा पहिला प्रश्न. कोणाचे, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे हवीत.

आणि बहुसंख्य निबंधांत चाचणी कोणती असते? एमटीटी. 1983 साली मॉसमन यांनी दिलेली ही पद्धत सोपी, स्वस्त आणि चांगली आहे. पिवळे द्रव्य टाकायचे, जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करते, जांभळा रंग मोजायचा. रंग कमी म्हणजे पेशी कमी. किंवा पेशी तेवढ्याच आहेत, पण त्यांचा चयापचय मंदावला आहे. किंवा त्यांचे पटल फाटले आहे. तिन्ही गोष्टींचा आकडा एकच येतो. या आकड्यावरून 'नियोजित पेशीमृत्यू घडवून आणतो' असे मथळ्यात लिहिणे म्हणजे तापमापी पाहून मलेरियाचे निदान करण्यासारखे आहे, आणि ते रोज घडते. पुढे पत्रकार मथळा उचलतो आणि शेजारच्या बाई कात्रण घेऊन येतात.

खरे तर फरक ओळखायच्या युक्त्या जगाला ठाऊक आहेत आणि त्या काही अवाढव्य खर्चाच्या नाहीत. माझी सर्वांत आवडती युक्ती तांबड्या रक्तपेशींची. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि तंतुकणिकाही नसतात. सायटोक्रोम सीच्या वाटेने मरणे तिला शक्यच नाही. ज्या मात्रेला लिपिड कर्करोगाची पेशी मारते, त्याच मात्रेला तांबड्या पेशी फुटून रक्त लाल पाण्यासारखे झाले, तर समजावे की पटल फाटते आहे. परीक्षानळी, रक्ताचे थोडे थेंब आणि अपकेंद्री यंत्र एवढ्यात हे होते; बारावीच्या प्रयोगशाळेतही होईल. दुसरी युक्ती म्हणजे कॅस्पेज अडवणारे द्रव्य आधी द्यायचे आणि मग लिपिड. मरण थांबले तर आज्ञेने मरत होती. थांबले नाही तर फाटून. तिसरी, अ‍ॅनेक्सिन व्ही. नेहमी पटलाच्या आतल्या अंगाला असलेले फॉस्फॅटिडिलसेरीन मरणाच्या सुरुवातीला बाहेर येते, त्याला हे प्रथिन चिकटते. पण ही चाचणी एकट्याने वापरू नये, कारण फाटलेल्या पटलातून ते आत जाऊनही चिकटते. पेशीतले एलडीएच हे विकर बाहेर कधी गळले, पहिल्या तासात की दुसऱ्या दिवशी, हेही पाहावे. आणि ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूचा अर्क असेल तर त्यात अंतर्विष किती आहे ते मोजावे. ते न मोजता रोगप्रतिकारक पेशींवरचे निष्कर्ष काढले तर परिणाम लिपिडाचा की अंतर्विषाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

लिपिडांच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. संवर्धनाच्या द्रवात गुरांच्या गर्भाचे सीरम बहुधा दहा टक्के घालतात. त्यातले अल्ब्युमिन मेदाम्ले धरून ठेवते. सीरम कमी केले की तेच लिपिड एकदम जहाल होते, वाढवले की मवाळ. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत याचे कारण पुष्कळदा इतके साधे असते, पण निबंधात सीरमचे प्रमाण एका ओळीत उरकलेले असते. शिवाय विशिष्ट मात्रेच्या वर लिपिडांचे हे रेणू एकत्र येऊन गोळे बांधतात. मारक मात्रा नेमकी त्या मात्रेच्या आसपास आली तर संशोधकाने थबकले पाहिजे.

आता आपल्या दारातल्या गोष्टी. पहिली, निरोगी पेशी. आपल्याकडच्या कितीतरी निबंधांत 'निरोगी' पेशी म्हणून व्हेरो वापरतात. व्हेरो ही 1962 साली जपानमध्ये आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून तयार झालेली, अमर झालेली पेशी आहे. लशी बनवायला ती उत्तम. पण माणसाच्या फुप्फुसाच्या कर्करोगाशी तुलना करायला ती कशी चालेल? तरी विद्यार्थी तीच वापरतात, कारण माणसाच्या निरोगी पेशी परदेशातून मागवायला परवडत नाही. ए549सोबत निदान एमआरसी-5 किंवा बीईएएस-2बी असायला हवी.

दुसरी गोष्ट, पेशीची ओळख. एमसीएफ-7 ही स्तनाच्या कर्करोगाची पेशी 1970च्या दशकापासून जगभर वापरात आहे. तिच्यात कॅस्पेज-3 नाही, जनुकाचा तुकडाच गळालेला आहे. हे 1998 पासून माहीत आहे. तरीही 'एमसीएफ-7 पेशींत कॅस्पेज-3 जागृत झाले' असे वाक्य मी एकापेक्षा अधिक निबंधांत वाचले आहे. हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशीत पी53 असते, पण तो कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचे ई6 प्रथिन ते सतत मोडून टाकते. ए549मध्ये पी53 शाबूत आहे. म्हणजे लिपिड हेलाला मारते आणि ए549ला मारत नाही, किंवा उलट, याचा अर्थ लावायचा तर पेशीची ही कुंडली समोर हवी. ती मोठ्या शहरातल्या संशोधकाला ठाऊक असते. लहान गावातल्या महाविद्यालयात पहिल्यांदा पेशी वाढवणाऱ्या मुलीला ती कोण सांगणार?

आपल्याला एका बाईंची आठवण करून देते. कमल रणदिवे, जन्म 1917, पुणे. मुंबई विद्यापीठाची पीएचडी घेऊन त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. 1951 साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून हेला पेशी पहिल्यांदा वाढल्या त्या याच प्रयोगशाळेत. परत येऊन रणदिव्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. तेव्हा केंद्राची धुरा डॉ. वसंत खानोलकरांकडे होती. त्याच केंद्रात 1958 साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून आम्लरोधी मायकोबॅक्टेरियम वाढवला. आयसीआरसी या नावाने तो ओळखला जातो आणि पुढे त्यावरून कुष्ठरोगाची लस करण्याचे प्रयत्न झाले. पेशी आणि मेणचट जिवाणू हे दोन्ही एकाच छताखाली, त्याच माणसांच्या हातात होते. आज देशात अशी जागा कोणती, तर आपली. पेशींचा राष्ट्रीय साठा आपल्याकडे आहे. सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रहही आपल्याच संस्थेचा, आणि 2011 पासून बुडापेस्ट कराराखाली तो आंतरराष्ट्रीय ठेवस्थान म्हणून मान्य आहे. लिपिड देणारा जिवाणू आणि ते सोसणारी पेशी, दोन्हींची चावी पुण्यात आहे.

म्हणून माझ्या मागण्या सांगते.

कर्करोगाची जी कुपी आपण पाठवता, तिच्यासोबत एक कागद जावा. तिच्यात पी53 आहे का, कॅस्पेज-3 आहे का, ती केव्हा, कोणाच्या कोणत्या गाठीतून आली, तिच्या जोडीला तुलनेसाठी माणसाची कोणती निरोगी पेशी घ्यावी, आणि लिपिड तपासत असाल तर रक्तपेशींची, कॅस्पेज रोधकाची आणि सीरमची चाचणी कशी करावी. दोन पाने पुरतील. इंग्रजीत असावीच, शक्य तर मराठी आणि तमिळमध्येही असावीत, कारण प्रयोग प्रत्यक्ष करणारी मुले पुष्कळदा याच भाषांत विचार करतात. आणि कागदावर लिहिलेली ती निरोगी पेशी कर्करोगाच्या पेशीच्या बरोबरीच्या दरात मिळावी. यात थोडा तोटा सोसावा लागेल. तो सरकारने सोसावा, त्यासाठी आपण जैवतंत्रज्ञान विभागाकडे आवाज उठवावा. आपल्यासारख्या संस्था आता एका परिषदेखाली आल्या आहेत, तेव्हा ही मागणी एकट्या पुण्याची राहणार नाही.

यापेक्षा मोठे काम म्हणजे पडताळणीचे टेबल. देशातल्या कोणत्याही महाविद्यालयाने जिवाणूपासून शुद्ध केलेले लिपिड आणि तो जिवाणू आपल्याकडे पाठवावा. जिवाणू संग्रहात जमा व्हावा, म्हणजे विद्यार्थी पदवी घेऊन गेला आणि फ्रीज बंद पडला तरी वाण टिकेल. किती वाण असे गेले असतील, याचा विचार केला तरी मला अस्वस्थ वाटते. निलगिरीच्या मातीच्या त्या मुठीत तो पुन्हा सापडेलच असे नाही. लिपिडाला नुसता सांकेतिक क्रमांक द्यावा, तपासणाऱ्याला ते कोणाचे हे कळू नये, आणि ठरलेल्या चार-पाच चाचण्या ठरलेल्या पेशींवर कराव्यात. निकाल काहीही येवो, तो जाहीर व्हावा. 'साबण' असा निकाल आला तर तोही. ते लिपिड कदाचित तेलगळती साफ करायला उपयोगी पडेल, रॅम्नोलिपिडांचा तसा उपयोग होतोच. पण आईला देता येईल का, या प्रश्नाला तेव्हा खरे उत्तर देता येईल.

याला विरोध होईल हे मला कळते. निकाल नकारात्मक आला तर प्रबंध अडेल, पदोन्नती अडेल अशी भीती शिक्षकांना वाटेल. ही भीती खोटी नाही. मी त्याच व्यवस्थेत उमेदीची वर्षे काढली आहेत. म्हणूनच पडताळणीला पाठवणे हे श्रेय मानले जावे, निबंध मानला जावा. विद्यापीठांना हे पटवणे आपल्यासारख्या संस्थेच्या शब्दाने होईल, माझ्यासारखीच्या पत्राने नाही.

आणखी एक गोष्ट या गावाविषयी. 1792 साली नुंगंबाक्कममध्ये वेधशाळा झाली. एकोणिसाव्या शतकात देशातल्या रेल्वेगाड्या तिच्या मद्रास वेळेवर चालत. मुंबईचे घड्याळ वेगळे, कलकत्त्याचे वेगळे, पण गाडीचे वेळापत्रक एकच. सगळ्यांनी एकाच मापाने मोजायला सुरुवात केली आणि मगच एका स्थानकाची वेळ दुसऱ्या स्थानकाला कळू लागली. जिवाणूंच्या लिपिडांना आज असे एक माप हवे आहे. ते माप पुण्याने द्यावे. नुंगंबाक्कम, कोल्हापूर, गोवा, गुवाहाटी, सगळे त्यावर मोजतील.

पडताळणीच्या टेबलाला निधी, जागा, माणसे लागतील, वेळ जाईल, हे मान्य. कुपीसोबतच्या दोन पानांना मात्र फारसे काही लागत नाही. ती लिहून काढायला आपल्या संस्थेत जाणकार आहेतच, आणि तमिळ मजकूर तपासून द्यायला मी व माझ्या जुन्या विद्यार्थिनी तयार आहोत. येत्या शैक्षणिक वर्षापासून पाठवल्या जाणाऱ्या ए549, हेला आणि एमसीएफ-7 या तीन पेशींच्या कुप्यांबरोबर तरी ही पाने जाऊ शकतील का, एवढे कृपया कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जीवरसायनशास्त्र शिक्षिका,
नुंगंबाक्कम, चेन्नई